सभेत बोलायची भीती : टोस्टमास्टर्सची पद्धत मराठीतून वापरल्यानंतर

मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. सप्टेंबर महिना आला की आमची वार्षिक सर्वसाधारण सभा असते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंदाची नोंद घेणे, हे कागदावरून वाचून होतं. खरी भीती पुढे असते. मागच्या रांगेतून एखादे सभासद उठतात, "मॅडम, थकबाकी एवढी कशी वाढली?" म्हणतात आणि तोंडपाठ असलेला आकडा जिभेवर येत नाही. घशाला कोरड, हाताला कंप.

म्हणून गेले काही महिने विश्रामबागेत ओळखीची मंडळी जमवून दर रविवारी टोस्टमास्टर्सच्या पद्धतीने बोलतो. टोस्टमास्टर्स म्हणजे एकमेकांसमोर भाषणाचा सराव करायचे क्लब. राल्फ स्मेडली यांनी 1924 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे हे सुरू केलं. आम्ही सदस्यत्व घेतलेलं नाही, सगळं मराठीत चालवतो.

पहिलं तयार भाषण स्वतःची ओळख करून देणारं, 4 ते 6 मिनिटांचं. पण मला सगळ्यात उपयोग झाला तो टेबल टॉपिक्सचा. विषय ऐन वेळी मिळतो आणि 1 ते 2 मिनिटं बोलायचं असतं. एका मिनिटाला हिरवं कार्ड, दीडला पिवळं, दोनला लाल. सभासदाच्या प्रश्नाला उत्तर देताना नेमकं हेच करावं लागतं, त्यामुळे दर रविवारी माझी त्या प्रश्नाचीच तालीम होते. आता प्रश्न आला की आधी सावकाश श्वास सोडते, मग पहिल्या वाक्यात आकडा आणि दुसऱ्यात कारण सांगते. श्वास लांब सोडला की छातीतली धडधड खरंच उतरते.

अडखळ-शब्द मोजायलाही एक जण नेमलेला असतो. आमच्याकडे प्रत्येक 'म्हणजे' आणि 'काय झालं की'ला स्टीलच्या वाटीत एक चिंचोका पडायचा. त्या टणटणीने बोलणारा आणखी गडबडायचा, म्हणून आता कागदावर रेघा मारतो आणि शेवटी सांगतो. हा बदल फार चांगला झाला.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे, आपल्याच बोलीत बोला. आमच्यातले एक दादा तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. पुस्तकी मराठीत उभे राहिले की दुसऱ्याच वाक्याला अडायचे. एका वहिनींनी सांगितलं, "दादा, बागेत गड्यांशी बोलता तसं बोला की." मग ऑक्टोबर छाटणी, द्राक्षावरचा डाऊनी रोग, पावसात कुजलेले घड, असं काही बोलले की लाल कार्ड दिसूनही कुणाला थांबवावंसं वाटेना. आपल्याच जिल्ह्यातल्या येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांनी गावरान बोलीत सभा गाजवल्या, मग आपण कशाला लाजायचं?

आणखी एका गोष्टीने मला धीर आला. सवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'तुमची घबराट तुम्हाला वाटते तितकी समोरच्यांना दिसत नाही' हे ज्यांना आधी समजावून सांगितलं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. आम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढून पाहिले, तेव्हा हे पटलं. मला जाणवणारा हाताचा कंप व्हिडिओत शोधूनही सापडला नाही.

कमी कुठे पडतं? एक तर माईक. दिवाणखान्यात कितीही बोललं तरी हॉलमध्ये स्पीकरमधून येणाऱ्या आपल्याच आवाजाची सवय होत नाही. त्यासाठी सभेच्या आधी हॉलवर लवकर जाऊन माईकवर चार वाक्यं बोलून घ्यावीच लागतात. दुसरं, भीती मुळापासून जात नाही. उभं राहिल्यावर पहिलं अर्धं मिनिट ती असतेच, फक्त पूर्वीसारखी शेवटपर्यंत टिकत नाही. आणि ज्यांना लोकांसमोर जाण्याच्या विचारानेच झोप लागत नाही, कामावर जाणं टळतं, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावं. तिथे असा गट पुरणार नाही.

सुरू करायचं असेल तर पाच-सहा माणसं पुरतात, पण सगळी घरची नकोत. घरचे नुसतं "छान झालं" म्हणतात. आणि पहिल्याच दिवशी लांब भाषण पाठ करायला बसू नका, एका मिनिटाच्या विषयापासून सुरुवात करा.