नोहप की टीमक्स? लाइन गेल्यावर काय टिकते

आमच्या गावात लाइन गेली का राऊटर बंद, राऊटर बंद का दूरच्या सर्व्हरचं (ज्या कॉम्प्युटरवर काम चालू असते त्याचं) कनेक्शन तुटलं, अन् दारव्ह्याच्या पुढे कुठंही बसा हेच होते. कनेक्शन तुटल्यावर शेल (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) त्याच्यातल्या कामाले हँगअप सिग्नल पाठवते, नंबर 1, अन् काम तिथंच मरते. मागच्या खरिपात माझं पावसाच्या आकड्यांचं 5 तासांचं काम असंच गेलं, तवापासून मी कनेक्शन तुटल्यावरही काम चालू ठेवणाऱ्या दोन्ही गोष्टी, नोहप (nohup) अन् टीमक्स (tmux), वापरून पाहिल्या.

नोहप सोपं. कमांडच्या आधी नोहप लिहा, शेवटी & लावा, झालं. तो सिग्नल कामाले लागतच नाही, आऊटपुट नोहप.आऊट फाईलीत जाते. पण त्या कामाजवळ परत बसता येत नाही राजेहो! मधात प्रोग्रामनं हो का नाही विचारलं तर उत्तर देता येत नाही, थांबवाचं असलं तर पीग्रेपनं (pgrep) त्या कामाचा नंबर शोधा मंग किल (kill) करा.

टीमक्समंधी आख्खं सेशनच (उघडलेली स्क्रीन अन् त्याच्यातलं काम) सर्व्हरवर जिवंत राहते. कंट्रोल-बी दाबून सोडा, मंग डी, तुम्ही बाहेर, काम चालूच. रात्री 2 ले लाइन आली का परत जोडून टीमक्स अटॅच (tmux attach) लिहा, अन् कर्सर जिथं होता तिथंच लुकलुकत असते, ते पाहून खरंच जीव भांड्यात पडते.

सर्व्हरच रीबूट झाला तर दोन्ही गेले, हे ध्यानात ठेवा. एकच छोटी स्क्रिप्ट असली तर नोहप पुरते, बाकी सगळ्याले मी टीमक्सच लावतो.