चिपळूणचा एचआर-पेरोल कोर्स: लोट्यात नोकरी हवी असेल तर

शनिवार-रविवार चालणारा तीन महिन्यांचा वर्ग. बीकॉम-बीए झालं, मुंबईला जायचं नाही, लोटे-परशुराम, खेर्डी किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एचआरला लागायचंय, अशांना उपयोगी. माहितीपत्रकावर ‘एचआर मॅनेजमेंट’ असलं तरी शिकवतात ते पगारपत्रक, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा). ते बरंच आहे, कारण कारखान्यात नवख्याच्या हातात आधी हजेरी नि पगार येतो, मुलाखती नाही.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक्सेलमध्ये हाताने पगार काढायला लावतात, हे सगळ्यात आवडलं. मूळ पगार व महागाई भत्ता 14,000, एकूण 18,000 धरा. पीएफ 12 टक्क्यांनी 1,680, ईएसआयसी 0.75 टक्क्याने 135, व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300). हातात 15,985. मालकही तेवढेच 1,680 भरतो, त्यातले 1,166 पेन्शनला, 514 पीएफला; शिवाय ईएसआयसीचे 585. काजू कारखान्यातल्या बाईच्या पगारातून व्यवसाय कर कापलेला दिसला की लगेच थांबवतात, महिलांना 25,000 पर्यंत तो माफ आहे.

चुका कुठे होतात यावर वेगळे तास आहेत आणि पैसे तिथेच वसूल होतात. पगारवाढीने एकूण 21,000 च्या वर गेलं की नवखा त्याच महिन्यापासून ईएसआयसी बंद करतो. ती एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च हा कालावधी संपेपर्यंत कापायचीच असते. दुसरी नेहमीची भानगड नावाची: आधारवर सासरचं आडनाव, पीएफला माहेरचं, मग केवायसी (ओळखीची पडताळणी) अडकते. नोकरी सोडलेल्याची शेवटची तारीख पीएफच्या पोर्टलवर भरायची राहिली की त्याचा पीएफ पुढच्या कंपनीत जात नाही. सोडून गेलेल्याचे फोन मात्र वर्षभर एचआरलाच येतात!

ठेकेदारीचा भाग तोकडा आहे. लोट्यात ठेकेदाराची माणसं कमी नसतात, आणि ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर ते मूळ कंपनीच्या अंगावर येतं. म्हणून त्याचं बिल काढण्याआधी नुसती चलनाची पावती घेऊन भागत नाही. ईसीआरमधली (पीएफ भरताना पोर्टलवर चढवायची कामगारांची यादी) नावं गेटच्या हजेरीशी एकेक करून ताडावी लागतात. चलनाची मुदत पुढच्या महिन्याची 15 तारीख, म्हणजे बिलही त्यानंतरच. हे वर्गात एका वाक्यात उरकतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांचंही तेच. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरची रक्कम वेतनात धरायची, हे तोंडी सांगतात, छापील नोट्स जुन्याच.

भरती, कामगिरी मूल्यमापन यांचे तास स्लाइडवरून वाचून दाखवतात. पुण्याच्या आयटी कंपनीत एचआर व्हायचं असेल तर इथे येऊ नका. गणपतीत निम्मी पाळी गावाला गेली की कारखाना कसा चालवायचा, याचा रजा-नियोजनाचा सराव घेतला असता तर इथल्या मुलांना जास्त उपयोग झाला असता.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे ओळखीच्या दोन-चार ठिकाणी बायोडेटा पाठवणं. फी हप्त्यांत घेतात, पण पावती मागावी लागते. प्रवेशाआधी रविवारच्या तासाला बसू देतात. त्या दिवशी ईसीआर फाइल स्वतः तयार करायला देतात का, तेवढं बघा. आणि लॅपटॉप घरचा न्या, पावसाळ्यात तिथली वीज सारखी जाते.