अक्कलदाढ काढून आलो, भूल एक नंबर पण वेटिंग लई (४ स्टार)

एक स्टार कापलाय तो वेटिंगचा. अपॉइंटमेंट सहाची आणि खुर्चीत बसलो पावणेआठला, विश्रामबागेत गाडी लावायला जागा मिळेना ते वेगळंच. बाकी तक्रार नाही.

आधी सांगतो मी एवढा का घाबरलेलो. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडं एका दवाखान्यात गालाला सूज, आत पू, अशातच दाढ काढायला घेतली, तीन इंजेक्शनं मारली तरी कळ मस्तकात जायची आणि वर ऐकायला मिळालं की "अहो बायकासुद्धा एवढं ओरडत नाहीत". तेव्हापासून मला वाटायचं आपल्याला भूल चढतच नाही.

इथल्या डॉक्टर मॅडमना ते सांगितलं तर हसल्या नाहीत. म्हणल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि मग औषध नसेच्या आत नीट शिरतच नाही, दोष तुमचा नाही काका. आधी पाच दिवस गोळ्या दिल्या, सूज उतरल्यावरच बोलावलं. नसेच्या आवरणात म्हणे बारीक दारं असतात, त्यातनं सोडियम आत गेला की कळ पुढं मेंदूकडं सरकते, लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं औषध, ती दारंच बंद करतं. म्हणजे दाढ दुखतेच पण निरोप वर पोचत नाही, असं मी आपलं समजून घेतलं.

आधी हिरडीला जेल लावलं, मग जबड्याच्या मागं सुई, एकदम हळू. छातीत धडधडलं जरा, तर लगेच म्हणल्या घाबरू नका, त्यात थोडं अ‍ॅड्रेनालिन असतं, त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी जातं आणि भूल जास्त वेळ टिकते. मग घाई नाही, सरळ दहा मिनिटं बसवून ठेवलं. ओठ भडंगाच्या पिशवीएवढा झाल्यासारखा वाटला, आरशात बघितलं तर जसाच्या तसा! टोकदार हत्यारानं हिरडी टोचून बघितली, काही नाही, तेव्हा कुठं पक्कड उचलली. "ओढल्याचं, दाबल्याचं कळंल, दुखणार नाही" हे आधीच सांगितलं होतं म्हणून कर्रर्र आवाज आला तरी उडालो नाही. वीस मिनिटांत दाढ ट्रेमध्ये, दोन टाके.

घरी आल्यावर आई म्हणाली त्यात काय, माझं मोतीबिंदूचं मिरजेला नुसत्या थेंबांवर झालं. खरंय, अशा जागेपुरत्या भुलीची सुरुवातच डोळ्यापासनं झाली, १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर नावाच्या डॉक्टरनं कोकेनचे थेंब वापरून दाखवले, हे आपलं लिग्नोकेन तर १९४३ चं, स्वीडनमधलं. बहिणीच्या सिझरला पाठीत दिलेली भूलही याच जातीची, ती जागी होती आणि बाळाचं रडणं तिनं स्वतः ऐकलं.

एक चूक माझी. भूल उतरायच्या आत चहा प्यायलो, निम्मा हनुवटीवरनं शर्टावर, आणि ओठ चावला गेला ते रात्री कळलं. दाढेपेक्षा ओठच जास्त दुखला. मॅडमनी कागदावर लिहून दिलेलं, मीच वाचलं नाही.

बिल ३५०० झालं, एक्सरे धरून. हार्टची किंवा बीपीची गोळी चालू असंल तर आधीच सांगा, त्या विचारतातच. आणि सहाची वेळ दिली तर घरनं जेवून निघा, नंतर तीन-चार तास काही चावता येत नाही.