रातांब्याच्या मशीनचं 'पेटंट' आणि तपासणीला येणारा साहेब

रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, हंगाम पाऊस लागला की संपला. तेवढ्यात सोलं (साली) काढायची, आगळ (खारवलेला रस) घालायचं, बिया वाळवून मुठेलासाठी, म्हणजे बियांच्या तेलासाठी, ठेवायच्या. फळं फोडणाऱ्या बायकांची बोटं आंबटाने चिरतात. त्यावर उपाय म्हणून माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भावजींनी, कुडाळला एका वर्कशॉपमध्ये मशीन बनवून घेतलं. दोन रोलर, त्यातला एक स्प्रिंगवर. फळ लहान असो की मोठं, रोलर हवा तेवढाच मागे सरतो आणि बी फुटत नाही. सगळी गोम त्या स्प्रिंगेत.

आमच्या भागातल्या एका कृषी प्रदर्शनात स्टॉलवर एक गृहस्थ आले. कार्डावर 'पेटंट कन्सल्टंट'. "वहिनी, हे उद्या कोणीही कॉपी करील, आणि तुम्ही बघत बसाल," इथून सुरुवात करून 35,000 रुपयांच्या पॅकेजवर बोलणं आलं. पैसे दिले आणि अर्जाची पावती खरोखरच मिळाली. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं फसवणारा सगळंच खोटं देतो. अर्ज खरा होता. 202121 ने सुरू होणारा क्रमांक: पहिले चार आकडे वर्षाचे, पुढचा 2 मुंबई कार्यालयाचा, त्यापुढचा 1 साध्या अर्जाचा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे. बाकीचे मेहनतान्याचे म्हणा.

खोटं सुरू झालं ते नंतर. काही महिन्यांनी त्याने जाड कागदावर रंगीत छापलेलं, सोनेरी किनारीचं 'प्रमाणपत्र' आणून दिलं. वर राजमुद्रा, खाली आमचा क्रमांक आणि क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी ए हे अक्षर. ते कशाला, विचारल्यावर म्हणाला, "ए ग्रेडचं पेटंट आहे." घरात पेढे वाटले गेले. शिवाय मशीनवर चिकटवायला 'पेटंटेड' लिहिलेले स्टिकर, त्याचे पैसे वेगळे.

तो कागद म्हणजे पेटंट कार्यालयाच्या जर्नलमधलं एक पान होतं. हे जर्नल दर शुक्रवारी निघतं. एरवी अर्ज 18 महिन्यांनी त्यात प्रसिद्ध होतो. फॉर्म 9 भरून जादा फी दिली की लवकर होतो. क्रमांकापुढचं ए एवढंच सांगतं की हा प्रसिद्ध झालेला अर्ज आहे. तोवर त्याची तपासणी झालेली नसते. तपासणीसाठी फॉर्म 18 भरून वेगळी विनंती करावी लागते. 15 मार्च 2024 पासूनच्या अर्जांना त्यासाठी 31 महिन्यांची मुदत आहे, आधीच्यांना 48 होती. विनंती केलीच नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात.

आता तुम्ही म्हणाल, पेटंट मिळालं सांगितल्यावर पुढे पैसे कसे मागितले? त्याचंही उत्तर तयार होतं. "पेटंट झालंय, आता फक्त एक्झामिनेशन करून ते पक्कं करायचं." त्याचे 18,000. फॉर्म 18 ची वैयक्तिक अर्जदाराची ऑनलाइन फी 4,000 आहे. ती त्याने भरली, हेही खरं. मग निरोप आला की मुंबईहून एक्झामिनर, म्हणजे अर्ज तपासणारा अधिकारी, मशीन प्रत्यक्ष बघायला येणार. गाडी, हॉटेल आणि 'वरचं' मिळून 25,000 तयार ठेवा. सासरे ओसरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "सायब येतलो तर येंवदे, पन पैशे कित्याक व्हये?" त्यांना गप्प बसवून पैसे दिले गेले. साहेब कधी पावसामुळे अडकले, कधी गणपतीमुळे.

एक्झामिनर कोणाच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, मशीन बघायला येत नाही. त्याचं काम कागदावरचं असतं. अर्जातले दावे, म्हणजे आपलं नवं नेमकं काय ते सांगणारी वाक्यं, घ्यायचे, जगभरातली जुनी पेटंटं आणि छापील साहित्य धुंडाळायचं आणि तीन गोष्टी पाहायच्या: हे नवं आहे का, त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं का, उद्योगात वापरता येईल का. शिवाय पेटंट कायद्याचं कलम 3 आहेच. नुसतं मिश्रण, ओळखीच्या यंत्रांची नुसती मांडणी, शेतीची पद्धत, पारंपरिक ज्ञान यांना पेटंट नाही. कंट्रोलरला, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला, नमुना मागवता येतो, पण तेही लेखी कळवून. सुनावणी लागली तर व्हिडिओवर होते. एक्झामिनर सापडलेले आक्षेप पहिल्या परीक्षण अहवालात मांडतो. कार्यालयात त्याला एफईआर म्हणतात. अहवालाच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर द्यायचं, अर्ज आणि फी भरून आणखी तीन महिने मिळतात. नाही दिलं, तर अर्ज सोडून दिला असं मानून फाइल बंद.

आमचा एफईआर आला होता, पण गेला त्या माणसाच्या ईमेलवर. अर्ज भावजींच्या नावाने, पण पोर्टलचं लॉगिन त्याचं, पत्रव्यवहाराचा पत्ता त्याचा, मोबाइल त्याचा. भावजींच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसुद्धा त्याच्याच खिशात. ज्या महिन्यांत तो साहेबांच्या हॉटेलचे पैसे मागत होता, त्याच महिन्यांत उत्तराची मुदत संपत होती.

हे बाहेर आलं एका गोव्याच्या व्यापाऱ्यामुळे. त्याला मशीनं हवी होती आणि त्याने पेटंटचा क्रमांक मागितला. आम्ही अर्जाचा पाठवला. तासाभरात त्याचा फोन आला, "ताई, हे तर बंद पडलंय." मंजूर पेटंटला अर्जापेक्षा निराळा क्रमांक असतो, हे आम्हाला तेव्हा त्याने सांगितलं. संध्याकाळी भाचीने बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला. प्रसिद्ध झालेल्या अर्जाचे सगळे कागद तिथे फुकट दिसतात: मूळ तपशील (शोधाचं लेखी वर्णन), एफईआर, तारखा, सद्यस्थिती.

एफईआर वाचून मला पैशांपेक्षा जास्त राग आला, तो त्या माणसाने लिहिलेल्या तपशिलाचा. एक्झामिनरने फळांचा गर काढणाऱ्या यंत्रांची जुनी पेटंटं समोर ठेवून म्हटलं होतं की यात नवं काही नाही. आणि बरोबरच होतं त्याचं. तपशिलात 'फळावर प्रक्रिया करणारे दोन रोलर' एवढंच होतं, बाकी कुठून तरी उचललेलं. स्प्रिंगेचा कुठे उल्लेखच नाही. अर्ज दाखल झाल्यावर दुरुस्ती करता येते, पण मूळ कागदात नसलेली गोष्ट नव्याने घुसडता येत नाही. म्हणजे वेळेत उत्तर दिलं असतं तरी हाती फारसं लागलं नसतं. नवा अर्ज करावा, तर स्प्रिंगवाली मशीनं आम्हीच त्याच्या 'प्रमाणपत्रा'च्या भरवशावर दोन हंगाम विकलेली. जे उघड विकलं गेलं ते कायद्याच्या लेखी नवं राहत नाही.

वकिलांनी सांगितलं की 2022 साली दिल्ली उच्च न्यायालयाने एजंटच्या हलगर्जीमुळे बंद पडलेले अर्ज पुन्हा जिवंत केलेले आहेत. पण त्या अर्जांत जीव होता. आमच्यात तोच भरला नव्हता, तर कोर्टाचा खर्च कशासाठी?

स्टिकर मात्र भावजींनी त्याच रात्री पत्र्यानं खरवडून काढले. पेटंट नसताना माल पेटंटचा म्हणून विकला तर कलम 120 खाली दंड होतो, आणि तो विकणाऱ्याला, म्हणजे आम्हाला. 2023 च्या जनविश्वास कायद्याने ती रक्कम 10 लाखांपर्यंत नेली आहे. घेतलेल्या गिऱ्हाइकांना फोन करून स्टिकर काढायला सांगणं, हे त्या सगळ्यातलं सर्वांत लाजिरवाणं काम होतं आणि ते माझ्या वाट्याला आलं.

तुमच्याकडे असा कोणी आला तर आधी त्याचा पेटंट एजंट म्हणून नोंदणी क्रमांक मागा. नोंदणीसाठी सरकारी परीक्षा असते आणि नोंदलेल्यांची यादी त्याच संकेतस्थळावर आहे. नोंदणी नसताना हा धंदा करायला कलम 129 मनाई करतं. आमच्या माणसाचं नाव यादीत नाही. अर्ज स्वतःचा स्वतःही करता येतो. कोणाकडूनही करून घेतलात तरी पत्रव्यवहाराच्या रकान्यात ईमेल तुमचा घाला आणि सहीचा पेनड्राइव्ह हातातून सोडू नका.

पोलिसांत तक्रार दिली आहे. त्याचं म्हणणं असं की त्याने 'सल्ल्याची फी' घेतली आणि अर्ज तर केला होता. 25,000 चा व्यवहार रोखीचा, पण साहेब येणार असल्याचे त्याचे व्हॉट्सअॅप निरोप आमच्याकडे आहेत, तेही जोडलेत. गेल्या महिन्यात देवगडच्या एका ओळखीच्या बागायतदाराने त्याचं नवं पत्रक पाठवलं. त्यावर आमच्या मशीनचा फोटो आहे आणि खाली छापलंय, 'आमच्याकडून पेटंट मंजूर'. ते पत्रक आम्ही तक्रारीला जोडतो आहोत. तुमच्याकडे आलं असेल तर फेकू नका, कुठे आणि कधी मिळालं ते मागे लिहून ठेवा.