युद्धनौकेचं नाव: नेत्याचं, शहराचं की बुडालेल्या जहाजाचं?

८ मे १९४२ रोजी कोरल समुद्राच्या लढाईत अमेरिकेची 'लेक्सिंग्टन' ही विमानवाहू नौका बुडाली. क्विन्सी इथल्या ज्या गोदीत ती बांधली गेली होती, तिथेच तेव्हा 'कॅबट' नावाची नवी विमानवाहू नौका आकार घेत होती. गोदीतल्या कामगारांनी नौदलमंत्र्यांकडे मागणी केली, की हिचं नाव 'लेक्सिंग्टन' ठेवा. मागणी मान्य झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नवी 'लेक्सिंग्टन' पाण्यात उतरली.

त्याच युद्धात हिटलरने नेमकी उलट काळजी केली. 'डॉइचलांड' म्हणजे जर्मनी. या नावाची नौका बुडाली तर लोकांच्या मनावर काय परिणाम होईल, या धास्तीने तिचं नाव बदलून 'ल्युट्झो' करण्यात आलं. एक नाव नौका बुडाल्यावरही लोकांना पुन्हा हवं होतं. दुसरं नाव नौका तरंगत असतानाच जड झालं.

नाव निवडायची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याने सगळे पर्याय या एकाच कसोटीवर घासून पाहावेत असं मला वाटतं: ही नौका उद्या गेली, तर परवा हेच नाव दुसऱ्या नौकेला देता येईल का? जलावतरणाच्या दिवशी सगळीच नावं शोभून दिसतात, तेव्हा तो दिवस हिशेबात धरू नये.

सगळ्यात जास्त वाद माणसांच्या नावांवरून होतात. या नावांचा मोह मी समजू शकतो. शूर माणसाचं नाव घेऊन नवी पोरं समुद्रावर जातात, यात अर्थ आहे. अमेरिकेने एका विमानवाहू नौकेसाठी डोरिस मिलर हे नाव निवडलं. मिलर हा 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवरचा मेस अटेंडंट, म्हणजे जेवणघरातला सेवक. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात त्याने जखमींना हलवलं आणि ज्याचं प्रशिक्षणच त्याला मिळालं नव्हतं ती विमानविरोधी तोफ चालवली. १९४३ मध्ये तो समुद्रावरच मारला गेला. त्याचं आयुष्य पूर्ण झालेलं आहे, कर्तृत्व समुद्रावरचं आहे, आणि निवड होईपर्यंत जवळपास ऐंशी वर्षं उलटून गेली होती. असं नाव बेलाशक ठेवावं.

याच्या शेजारी 'कार्ल व्हिन्सन' ठेवून पाहा. व्हिन्सन यांनी अमेरिकी नौदल उभं करायला संसदेत आयुष्य वेचलं, हे खरंच. पण १९८० मध्ये नौका पाण्यात उतरली तेव्हा ते स्वतः हयात होते, आणि शाळांमधली वर्णभेदी विभागणी मोडण्याला विरोध करणाऱ्या १९५६ च्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. दुसरी विमानवाहू नौका ज्यांच्या नावाची, त्या जॉन स्टेनिस यांचीही आहे. त्या नौकांवर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय खलाशाच्या टोपीवर काय लिहिलेलं असतं, याचा विचार नाव ठरवणाऱ्यांनी करायला हवा होता. विमानवाहू नौका जवळपास पन्नास वर्षं चालते. राजकारण्याबद्दल लोकांचं मत तितकी वर्षं क्वचितच टिकतं.

सोव्हिएत नौदलाने तर एकाच विमानवाहू नौकेवर हा सगळा खेळ करून दाखवला. बांधायला घेतली तेव्हा ती 'रिगा' होती. मग 'लिओनिद ब्रेझनेव्ह' झाली. ब्रेझनेव्ह यांच्या काळावर टीका सुरू झाल्यावर 'त्बिलिसी' झाली आणि १९९० मध्ये 'अॅडमिरल कुझ्नेत्सोव'. आज रिगा लाटव्हियाची राजधानी आहे, त्बिलिसी जॉर्जियाची. म्हणजे चारपैकी दोन नावांची शहरंच परदेशात गेली आणि एका नावाचा माणूस नको झाला. टिकलं ते नौदलातल्या माणसाचं नाव.

म्हणून व्यक्तीचं नाव द्यायचंच असेल तर माझ्या तीन अटी: माणूस जाऊन किमान पन्नास वर्षं झालेली असावीत, नातं समुद्राशी असावं, आणि सत्ताबदल झाला तरी दुसऱ्या पक्षाला ते नाव पुसावंसं वाटू नये. फ्रान्सच्या विमानवाहू नौकेचं नाव १९८६ मध्ये 'रिशल्यू' ठरलं होतं. पुढच्याच वर्षी सरकारने ते 'शार्ल द गॉल' केलं. दोन्ही नावं मोठी आहेत, पण नौका पुरती बांधून होण्याआधीच नावावरून ओढाताण व्हावी हे मला खटकतं. आयर्लंडने २०१४ पासून गस्ती नौकांना सॅम्युएल बेकेट, जेम्स जॉइस अशी लेखकांची नावं दिली. ती माझ्या समुद्राच्या अटीत बसत नाहीत, तरी मला आवडतात. मात्र त्याआधी तिथे एमर, ईफा, आशलिंग अशी दंतकथा-पुराणांतली स्त्रियांची नावं चालत आली होती. ती परंपरा तुटल्याची हळहळ मला रास्त वाटते.

आता गावांची नावं. यांचं बळ कशात आहे ते दुसऱ्या महायुद्धातल्या कॉर्व्हेट या लहान युद्धनौकांवरून नीट कळतं. आराखडा एकच, पण ब्रिटनने त्यांना फुलांची नावं दिली आणि कॅनडाने बहुतेकींना आपल्या लहानमोठ्या गावांची. गावकऱ्यांनी 'आपल्या' नौकेला दत्तकच घेतलं. विणलेले मोजे, हातमोजे, खाऊच्या पेट्या अटलांटिकवर पोहोचू लागल्या. युद्धात बांधलेल्या आणि त्यानंतर मोडीत गेलेल्या एवढ्या नौकांतून 'सॅकव्हिल' आज हॅलिफॅक्सला जतन केलेली आहे, आणि तिचं नाव न्यू ब्रन्सविकमधल्या एका छोट्या गावाचं आहे. फुलाच्या नावाला कुणी मोजे पाठवत नाही.

फुलांची नावं मात्र वाटतात तितकी नाजूक ठरली नाहीत. 'ग्लॅडिओलस'ने १९४० मध्ये एक जर्मन पाणबुडी बुडवण्यात वाटा उचलला आणि १९४१ मध्ये ती सगळ्या खलाशांसह नाहीशी झाली. या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ लहान तलवार. हे कळल्यापासून ते नाव मला फक्त फुलाचं वाटत नाही.

गावाच्या नावाचा धोका गाव जितकं मोठं तितका वाढतो. १४ एप्रिल २०२२ रोजी काळ्या समुद्रात रशियाची क्रूझर बुडाली, तेव्हा जगभर मथळा झाला 'मॉस्क्वा बुडाली'. ही नौका आधी 'स्लावा' म्हणजे कीर्ती होती, नंतर तिला राजधानीचं नाव दिलं गेलं. देशाचं किंवा राजधानीचं नाव लढाऊ नौकेला देऊच नये असं मी म्हणेन, आणि ज्यांनी ते दिलं आहे त्या नौदलांबद्दल आदर ठेवूनच म्हणेन. याबाबत जपानचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. 'यामातो' हे देशाचंच प्राचीन नाव. ती ७ एप्रिल १९४५ रोजी शेवटच्या मोहिमेत बुडाली. त्याच मोहिमेत तिच्याबरोबर 'युकिकाझे' ही विनाशिका होती. युकिकाझे म्हणजे हिमवारा. ती वाचली, आणि १९५६ मध्ये जपानच्या नव्या सागरी दलात हिमवाऱ्याचं नाव पुन्हा पाण्यावर आलं.

पराक्रमी विशेषणांबाबत माझं मत बदललं आहे. 'इन्व्हिन्सिबल' म्हणजे अजिंक्य. ती ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत स्फोटाने दुभंगली आणि हजारावर माणसं गेली. त्यामुळे असं नाव म्हणजे दैवाला आव्हान, असं मला वाटायचं. पण ब्रिटिशांनी ते टाकून दिलं नाही. त्याच नावाची विमानवाहू नौका १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात लढली. विशेषणाला पक्ष नसतो, जात नसते, सीमा नसते, म्हणून ते परत येऊ शकतं.

लढायांची नावं मी शक्यतो टाळीन. अमेरिकेची 'चान्सलर्सव्हिल' ही क्रूझर ज्या लढाईच्या नावाची होती, ती अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेने जिंकलेली. २०२३ मध्ये तिचं नाव 'रॉबर्ट स्मॉल्स' झालं. १८६२ मध्ये दक्षिणेचीच बोट पळवून स्वतःला आणि घरच्यांना मुक्त करणारा हा गुलाम खलाशी. एवढा चांगला बदल सहसा वाट्याला येत नाही.

डोंगर, नद्या, शस्त्रं, जलचर यांच्याबद्दल फारसं भांडण नाही. किनाऱ्यावर रणगाडे उतरवणाऱ्या नौकांना भारताने 'मगर' आणि 'घडियाल' ही नावं दिली. पाण्यातून जमिनीवर चढणारे प्राणी, काम नावातच आलं. फक्त एकाच अक्षराची मालिका करताना जपावं. तलवार, त्रिशूल, तबर, तेग, तर्कश, त्रिकंड ही मालिका कागदावर देखणी आहे. पण नाव पक्कं करण्याआधी ते वाऱ्यात, इंजिनाच्या आवाजात, खरखरत्या रेडिओवर ओरडून पाहावं. तेग आणि तबर वेगळे ऐकू येतात का, हे तिथेच कळेल.

आणि आधीच्या नौकेचं नाव? माझ्या यादीत ते सगळ्यांच्या वर आहे. ब्रिटिश नौदलात लढाईतले सन्मान नावाबरोबर पुढच्या नौकेकडे जातात. भारताच्या 'निलगिरी' वर्गातल्या सात नव्या फ्रिगेटपैकी सहांची नावं जुन्याच सहा फ्रिगेटची आहेत, सातवी तेवढी 'महेंद्रगिरी'. 'खुकरी' ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाणतीराने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून गेले नाहीत. १९८९ मध्ये नवी 'खुकरी' दाखल झाली. गुरख्यांच्या त्या वाकड्या सुऱ्याचं नाव पहिल्यांदा दिलं तेव्हा ते एका शस्त्राचं नाव होतं. दुसऱ्यांदा दिलं तेव्हा त्यात १९४ माणसं होती.

नौकेचं नाव खलाशाच्या टोपीच्या काळ्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत कपाळावर येतं आणि पितळी घंटेवर कोरलं जातं. ब्रिटिश नौकांवर तीच घंटा उलटी करून तिच्यात खलाशांच्या बाळांचा बाप्तिस्मा होई आणि बाळांची नावं आतून कोरत. म्हणून यादी करताना आधी जुन्या नोंदवह्या काढाव्यात आणि कोणत्या नौकांचं नाव पाण्यावर नाही ते पाहावं. त्यातून भागलं नाही तर डोंगर-नद्यांकडे वळावं, मग लहान गावांकडे. माणसांकडे सगळ्यात शेवटी.