जोधपूरला बदली: कूलर घ्यावा की एसी?
मे महिन्यात जोधपूरला बिऱ्हाड हलवताय? विजेचं बघितलं तर कूलरला साधारण 200 वॅट पुरतात, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास खातो. पण कूलरला पाणी लागतं, रोज बादल्यांनी. पाणी जड असेल तर जाळीवर पांढरा, खरखरीत थर चढतो आणि हवा अडते. म्हणून टाकी दर आठवड्याला रिकामी करून धुवाच. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल आली की कूलर हात टेकतो. एसीला त्रास धुळीचा: आंधीनंतर फिल्टर धुवा, बाहेरचं युनिट वीज बंद करून साफ करा.

वर्षभराचं भाड्याचं घर, बेताचं बजेट असेल तर कूलर. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर एसीच.