ओबीडी डोंगल, सात महिन्यांनंतर: मिसिंगला कामाचा, बंद पडलेल्या गाडीला मल्टिमीटरच

ओबीडी म्हणजे गाडीच्या संगणकानं स्वतःच बिघाडाची नोंद ठेवायची सोय. ती मोबाइलवर दाखवणारा, ब्लूटूथवर चालणारा ईएलएम३२७ (आतल्या चिपचं नाव) जातीचा डोंगल, साडेचारशे रुपयांचा. जोडीला साधा डिजिटल मल्टिमीटर आणि स्पार्क टेस्टर. जुनी पेट्रोल गाडी मिसिंग मारते (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), किंवा सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, एवढ्याच कामासाठी केलेला हा वापर. मोबाइलवर रंगीत मीटर नाचवायचे असतील त्यांना यात फारसं काही सापडणार नाही.

घेण्याआधी गाडीचं साल बघा. भारतात ओबीडी-२ सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून; त्याआधी २०१० पासून ओबीडी-१ होतं. २०१३ नंतरच्या गाडीला डोंगल बहुधा पहिल्या झटक्यात जोडला जातो. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखाली तोच १६ पिनांचा सॉकेट असतो, पण आतला संवाद कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो आणि ॲप नुसतं शोधत बसतं. डोंगलवर छापलेल्या १.५ किंवा २.१ या आकड्यावर विसंबू नका. नकली चिपवर काहीही छापलेलं असतं आणि सातव्या पिनवरून बोलणाऱ्या के-लाइन (एका तारेवरून संवादाची जुनी पद्धत) गाड्या त्यांतल्या अनेकांना वाचताच येत नाहीत. परत करता येईल अशाच ठिकाणी घ्या. आयफोनला साधं ब्लूटूथ चालत नाही, वाय-फायचा किंवा बीएलईचा (कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचा) डोंगल लागतो.

मिसिंगमध्ये पैसे वसूल होतात. ॲपवर बिघाडाचा कोड येतो: पी०३०२ म्हणजे मिस होणारा दुसरा सिलिंडर, पी०३०३ म्हणजे तिसरा. पी०३०० म्हणजे कुठला एक नक्की नाही. पण कोड फक्त सिलिंडर दाखवतो, कारण नाही. कोड बघून थेट इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) बदलणं ही सगळ्यात महाग चूक. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (ठिणगीचं व्होल्टेज बनवणारी) असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा आणि चढावर दहा मिनिटं चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२ तसाच राहिला तर हाच खेळ प्लगचा, मग इंजेक्टरचा. एका वेळी एकच वस्तू हलवायची, नाहीतर शेवटी काहीच सिद्ध होत नाही.

दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असलेल्या इंजिनांत १ आणि ४, किंवा २ आणि ३, असे जोडीनं मिस होत असतील तर आधी कॉइल पॅक बघा. एकटाच मिस होत असेल तर प्लग किंवा केबल. चारही केबल काढून रेझिस्टन्स मोजा. काही किलो-ओहम येतो आणि लांबीप्रमाणे थोडा कमी-जास्त असतो. एखादी बाकीच्यांच्या दुप्पट किंवा ओपन (आतून तुटलेली) दिसली तर पूर्ण सेट बदला. पावसाळ्यातच मिसिंग होत असेल तर रात्री इंजिन चालू ठेवून केबलवर पाण्याचा हलका फवारा मारा (हात लांब ठेवून!). जिथून करंट फुटतो तिथे निळी ठिणगी दिसते.

कोडपेक्षा उपयोगी ठरते ती फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम (इंजिनचा संगणक) ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. लाँग टर्म (दीर्घ काळाची) ट्रिम आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, म्हणजे इंजिन कुठून तरी हवा खातंय: व्हॅक्यूम होज किंवा इनटेक गॅस्केट. उलट लोड दिल्यावर ट्रिम वाढत गेली तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर किंवा पंप.

सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर मख्खन, तर आधी प्लग आणि केबल बघा. सीएनजीला ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग तिथे पहिल्यांदा उघडा पडतो. आणि टाकीत पेट्रोल कायम तळाला ठेवणाऱ्यांनी पंपाची आशा सोडावी. तो पेट्रोलनंच थंड राहतो.

गाडी चालूच होत नसेल तर मात्र डोंगलकडून मुख्यतः एकच कामाचा आकडा मिळतो: सेल्फ मारतानाचा आरपीएम. २००-२५० दिसला तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) जिवंत आहे. सेल्फ जोरात फिरतोय आणि आकडा शून्यच, तर पी०३३५ (क्रँक सेन्सरचा कोड) येण्याची वाट न बघता आधी क्रँक सेन्सर आणि त्याचं कनेक्टर तपासा. उभ्या गाडीत तिथली वायर उंदीर आवडीनं कुरतडतात. सेल्फ मारताच डोंगलचं कनेक्शन तुटत असेल तर बॅटरीवर संशय घ्या. मल्टिमीटरवर उभी बॅटरी १२.६ व्होल्ट हवी, सेल्फच्या वेळी ९.६ च्या खाली जायला नको. त्याच वेळी बॅटरीचं मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मोजा, ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची पट्टी गंजलेली आहे. नवी बॅटरी घालूनही हा दोष जात नाही.

आरपीएम आहे तर पुढे स्पार्क टेस्टर. प्लग हातात धरून बॉडीला टेकवायची जुनी सवय सोडा. झटका बसतो आणि कॉइल किंवा ईसीएमही जाऊ शकतो. करंट आहे पण प्लग कोरडा, तर चावी ऑन केल्यावर मागून पंपाची दोन सेकंदांची घरघर ऐका. नसेल तर फ्यूज बघा, मग त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावून बघा. प्लग ओला, तर फ्लड झालंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त साचलंय: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच सेकंद सेल्फ मारा, बहुतेक एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या) गाड्यांत त्या वेळी इंजेक्टर बंद राहतात. रोज सकाळी असंच होत असेल तर रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान डोंगलवर बघा. दोन-चार अंशांपेक्षा जास्त फरक दिसला तर कूलंट सेन्सर खोटं बोलतोय.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरत असेल तर तिथेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो आणि पुढचा प्रत्येक सेल्फ व्हॉल्व्ह वाकवू शकतो.

डोंगलचा मोठा दोष शेवटी कळला: काम झाल्यावर तो सॉकेटमध्ये ठेवू नका. १६ नंबरच्या पिनवर चावी बंद असतानाही १२ व्होल्ट असतात. ४० मिलिअँपिअरनं दिवसाला जवळपास एक अँपिअर-अवर जातो, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची, त्यातही जुनी बॅटरी दोन-तीन आठवडे उभ्या गाडीत सेल्फ मारायला कमी पडते. मग बिघाड शोधायचा तो डोंगलचाच.